फिरत्या घराच्या जनरेटरचा चोक: दुरुस्त करू की नवीन बसवू?

फिरस्ता_आर्वी | 11 डिसेंबर

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर मी आणि सौ.ने एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, छतावर एसी, असं सगळं आधीच्या मालकानेच करून ठेवलेलं होतं. गाडी डिझेलची, पण मागच्या कप्प्यात 2.8 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे आणि त्याला वेगळी 20 लिटरची टाकी आहे. जनरेटर परदेशी, गाडीत बसूनच बटन दाबून सुरू होतो. हाताने ओढायचा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी चकती) नाही. कार्बोरेटरच्या बाजूला एक काळी गोल डबी आहे, तिला दोन वायरी जातात. तोच इलेक्ट्रिक चोक.

जूनमध्ये सर्व्हिसिंग करून घेतली आणि पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी ठेवली. परवा सकाळी बाहेर 11 अंश होते. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, पकडतच नाही. कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरला की लगेच पकडतं. मग पंधरा-वीस मिनिटं छान चालतं, त्यानंतर रेस आपोआप कमी-जास्त होऊ लागते. त्या वेळी चोकची चकती बोटाने अर्धी बंद केली तर थोडं सावरतं, पण शेवटी बंद पडतंच.

तालुक्याच्या एका मेकॅनिकने बघितलं आणि सांगितलं, चोक गेला, अख्खा कार्बोरेटर मागवा. किंमत 27 हजार, आणि माल यायला दोन महिने. आम्हाला 24 तारखेला चिखलदऱ्याला जायचं आहे. शिवाय मे महिन्यात नातवंडांना ताडोब्याला न्यायचं कबूल केलंय, तेव्हा एसीशिवाय गाडीत बसणं अशक्य. चोक दुरुस्त होतो का? की नवीनच घ्यावा लागतो? कोणी केलंय का हे काम?

संत्रापट्टी_वरुड | 11 डिसेंबर

ट्यूबलाइटचा चोक म्हणून धागा उघडला. 😄 तो असता तर मीच बदलून दिला असता, आमच्या दुकानात जुन्या पट्ट्यांचे दोन-चार अजून पडून आहेत.

गाडीचे फोटो टाका ना काका. ओटा कसा बसवलाय ते बघायचंय.

बुलडाण्याचा_सुत | 11 डिसेंबर

हाताचा चोक बसवून टाका. स्प्लेंडरची चोक केबल शंभर-दीडशेत मिळते. काळी डबी काढायची, चकतीच्या दांड्याला केबल बांधायची, दुसरं टोक कप्प्याच्या दारापाशी आणायचं. थंड असताना ओढा, गरम झाला की सोडा. माझ्या ऊस-रसाच्या गाडीवरच्या छोट्या जनरेटरला चार वर्षांपासून असंच आहे, काही कुरकुर नाही.

मुक्ता_वर्धा | 11 डिसेंबर

@बुलडाण्याचा_सुत, रसाच्या गाडीवर तुम्ही जनरेटरच्या शेजारी उभे असता. काकांना रात्री मेळघाटच्या कडेला गाडीतून उतरून कप्पा उघडावा लागेल. आणि ओढलेला चोक परत सोडायचा राहून गेला तर? अर्धवट बंद चोकवर इंजिन चालत राहिलं की काळा धूर, काजळलेला प्लग, आणि न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. मी आयटीआयला शिकवते. डिपस्टिक काढून हुंगली तर पेट्रोलचा वास येतोय, अशी इंजिनं दरवर्षी पाहते.

काका, कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात पुन्हा धरू नका. बॅकफायर झाला तर आग बाहेर येते. एअर फिल्टर काढून, लांब स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चकती ढकलून बघा. तेवढ्याने कळतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या त्या डबीत बहुतेक गुंडाळलेली द्विधातूची पट्टी असणार. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवलेले असतात. तापल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून गुंडाळी उलगडते किंवा आवळते आणि चकतीचा दांडा फिरवते. इंजिन चालू झालं की 12 व्होल्टवर आतला छोटा हीटर पट्टीला तापवतो आणि एक-दोन मिनिटांत चोक उघडतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. चोकचं काम एवढंच.

हीटर जळला तर चोक बंदच राहतो आणि काळा धूर येतो. तुमच्याकडे उलटं आहे, थंड असताना चोक बंदच होत नाही. म्हणजे हीटरवर शंका नको. पट्टी किंवा दांडा बघा. जूनमध्ये सर्व्हिसिंगला ती डबी उघडली होती का?

फिरस्ता_आर्वी | 11 डिसेंबर

मुक्ताताई, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. हो, जूनमध्ये कार्बोरेटर खोलून धुतला होता. डबी उघडली होती का हे विचारावं लागेल. तेव्हा मी बाजूला चहा आणायला गेलो होतो.

पऱ्हाटी | 11 डिसेंबर

भाऊ, चोक चोक करू नका. पह्यले हे सांगा, जनरेटर बंद पडल्यावर टाकीचं झाकन उघडलं तर सुस्स आवाज येते काय?

एरिया51_नागपूर | 12 डिसेंबर

सगळा दोष ई-20 चा आहे. 2025 पासून जवळपास प्रत्येक पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत) पेट्रोल तसंच राहिलं की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, हिरवट चिकट थर बसतो. चोक अर्धा बंद केल्यावर सावरतं याचा सरळ अर्थ पेट्रोल कमी पडतंय, चोक दोषी नाही. जेट काढून सूर्याकडे धरून बघा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा, बस.

मुक्ता_वर्धा | 12 डिसेंबर

शेवटच्या भागाशी सहमत, पहिल्या वाक्याशी नाही. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. ई-20 चा हिशोब 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर ई-20 वर थोडा कोरडा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतो हे खरं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंडीत सुरू व्हायलाही जड जातं. पण हे तर पहिल्या मिनिटापासून जाणवायला हवं. काकांचा जनरेटर वीस मिनिटं "छान" चालतो आणि मग बिघडतो. बुजलेला जेट वीस मिनिटं वाट बघत नाही.

एरिया51_नागपूर | 12 डिसेंबर

बाऊलमधला कचरा हळूहळू जेटवर येऊन बसतो, तेव्हा असं होतं ताई. माझ्या मोटारसायकलला झालंय.

डीजीवाला_वडसा | 12 डिसेंबर

मी झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांना जनरेटर पुरवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो, तो पहाटेपर्यंत. आता मोठी डीजी डिझेलची, तिला चोकच नसतो, डिझेल दाबानेच पेटतं. पण मेकअपच्या खोलीसाठी आणि तिकिटाच्या खिडकीसाठी दोन पेट्रोलवाले छोटे ठेवतो. जानेवारीत गोंदिया-भंडाऱ्याकडे पहाटे 8-9 अंश होते, तेव्हा या छोट्यांचे नखरे पाहायचे.

एकदा ब्रह्मपुरीजवळच्या गावात दुसऱ्या अंकाच्या मध्ये छोटा बंद झाला. प्लग बदलला, जेट फुंकला, काही नाही. शेवटी माझ्या पोराने कंटाळून टाकीचं झाकण काढलं आणि लगेच चालू झाला. टाकीला हवा घ्यायची जी नळी असते ना, तिच्यात कुंभारीण माशीने घर केलं होतं. पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा यायला पाहिजे. ती येत नाही, मग आत ओढ तयार होते आणि पेट्रोल थांबते. बंद झाल्यावर हळूहळू हवा झिरपते, पुन्हा थोडा वेळ चालतो.

वर पऱ्हाटी भाऊंनी विचारलं ते हेच. काका, तुम्ही उत्तर नाही दिलं त्याचं.

संत्रापट्टी_वरुड | 12 डिसेंबर

कुंभारीण! आमच्या एसीच्या पाण्याच्या नळीत, स्प्रे पंपाच्या नोझलमध्ये, दाराच्या कुलपात, कुठेही घर करते ती. गेल्या वर्षी गोडाऊनचं कुलूप तोडावं लागलं.

@डीजीवाला_वडसा दादा, यंदा वडस्याचं एखादं नाटक आमच्याकडे आणा की. वरुडला झाडीपट्टीचं नाटक कधी होत नाही.

डीजीवाला_वडसा | 12 डिसेंबर

तुम्ही मंडळ करा, मी कंपनीशी बोलतो. गंभीरपणे सांगतो. पूर्ण रात्र बसायची तयारी ठेवा, चादरी घेऊन या.

लिथियम_लव्हर | 12 डिसेंबर

जनरेटर काढून टाका. लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल. आवाज नाही, धूर नाही, चोक नाही.

फिरस्ता_आर्वी | 12 डिसेंबर

@लिथियम_लव्हर, 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. सौ.ला दमा आहे, रात्रीचं नेब्युलायझर त्यावरच चालतं, त्यासाठी जनरेटर लागत नाही. पण एसी त्यावर तासभरही टिकत नाही. छतावर एसी आणि झरोका असल्याने पॅनलला जागाही उरलेली नाही.

@पऱ्हाटी, @डीजीवाला_वडसा: माफ करा, उत्तर राहिलं होतं. आज संध्याकाळी मुद्दाम चालवून बघितला. अठराव्या मिनिटाला बंद. झाकण फिरवलं आणि हवा आत खेचली जाण्याचा स्पष्ट आवाज आला, सौ.नेही ऐकला. झाकण अर्धवट ठेवून पुन्हा सुरू केला, पन्नास मिनिटं एकाच सुरात चालला. उद्या उजेडात नळी काढतो.

पऱ्हाटी | 12 डिसेंबर

मले वाटलंच होतं. आमच्या फवारनीच्या पंपाले पन हेच झालतं. मिस्तरीनं नवीन कार्बोरेटर बसवला, तरी बंदच पडे. मंग माह्या मायनं झाकन सैल केलं अन् पंप चालू. माय शाळेत नाही गेली, पन तिचं पाहनं असंच हाये.

डॉक्टर_ग्रामीण | 13 डिसेंबर

तांत्रिक भागात मला गती नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चोक अडकला की जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि माणूस "प्रवासाचा थकवा" म्हणून झोपून जातो. वहिनींना दमा आहे म्हणून आणखी काळजी. धुराचा पाइप गाडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत आणि खिडकीपासून दूर हवा. वारा कुठून येतोय ते बघून गाडी लावा. झोपताना जनरेटर बंद. आणि गाडीत मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, उशीच्या उंचीला. तो जनरेटरच्या कुठल्याही पार्टपेक्षा आधी घ्या.

मुक्ता_वर्धा | 13 डिसेंबर

डॉक्टर साहेबांचं म्हणणं अगदी वर पिन करून ठेवावं. कप्प्याच्या वरची लाकडी फळी आणि पलंग यांच्यामध्ये कुठे भोक राहिलंय का तेही बघा काका. वायरी नेताना पाडलेली भोकं बरेचदा उघडीच असतात.

फिरस्ता_आर्वी | 14 डिसेंबर

काल दिवसभर अंगणात बसून काम केलं. शेजारच्या एका पोराने मदत केली, तो वर्ध्याला आयटीआय करतोय (मुक्ताताई, तुमचाच विद्यार्थी असावा).

आधी नळी. रबरी, करंगळीएवढी जाड, टाकीतून निघून गाडीच्या खाली वाकलेली. टोकाला वाळलेल्या पिवळ्या मातीचं बूच. काडीने उकरलं तर आत चार इंचांपर्यंत मातीचे कप्पे, एकामागून एक. प्रत्येक कप्प्यात पाय आखडलेले बारीक कोळी ठासून भरलेले, एका कप्प्यात सात मोजले. शेवटच्या कप्प्यात एक पिवळसर अळी होती आणि तिच्याभोवती कोळ्यांचे नुसते पाय उरले होते. पोरगं म्हणालं, आजोबा, हिचा डबा भरून ठेवला होता आईने. आम्ही नळी कापली नाही, गरम पाण्यात ठेवून माती विरघळवली. अळी मात्र तिच्या कोळ्यांसकट लिंबाखाली ठेवली.

मग चोक. पोराने डबीवरचे तीन स्क्रू काढण्याआधी मार्करने डबी आणि बॉडी दोन्हींवर एक सरळ रेघ ओढली, म्हणजे परत लावताना जागा चुकणार नाही. झाकण निघालं. पट्टीची गुंडाळी शाबूत, कुठेही मोडलेली नाही. पण तिच्या बाहेरच्या टोकाला जो आकडा आहे, तो दांड्याच्या खिळीत अडकलेलाच नव्हता! खिळीच्या शेजारी मोकळा लोंबत होता. म्हणजे गुंडाळी आवळो की सुटो, चकतीला काही पत्ताच नाही. जूनमध्ये धुताना डबी उघडली आणि लावताना आकडा बाहेर राहिला. तेव्हा 40 अंशांत चोकची गरजच नव्हती, म्हणून इंजिन बिनचोक सुरू झालं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. डिसेंबरच्या थंडीने ते उघडं पाडलं.

हीटर मीटरने मोजला, 6 ओहम. चालू इंजिनवर वायरीत 13 व्होल्टहून जास्त. म्हणजे तोही ठणठणीत. चकतीचा दांडा थोडा जड होता, कार्ब क्लीनरने मोकळा केला. जेट उन्हाकडे धरून पाहिला, गोल उजेड दिसला. बाऊलमध्ये तळाशी थोडा पांढरट गाळ होता, तो पुसला.

आज पहाटे साडेपाचला, 10 अंशांत, गाडीत पांघरूण घेऊन बसूनच बटन दाबलं. दुसऱ्या फेरीला पकडला. मी बाहेर जाऊन बघेपर्यंत चकती उघडत चालली होती. सौ.ने त्याच वेळी चहा ठेवला.

खर्च: क्लीनरचा डबा आणि एक गास्केट.

बुलडाण्याचा_सुत | 14 डिसेंबर

वा काका! माझी केबलवाली सूचना मागे घेतो. तुमच्या गाडीला ती चुकीचीच होती.

एरिया51_नागपूर | 14 डिसेंबर

जेट साफ निघाला, मान्य. तरी एक करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून जनरेटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बाऊल रिकामा राहतो. तो पांढरा गाळ त्या उभ्या पेट्रोलचाच आहे.

मुक्ता_वर्धा | 14 डिसेंबर

हे मात्र सोळा आणे खरं.

काका, आकडा सुटलाय हे 27 हजार मागणाऱ्याला दिसलं नाही याचं वाईट वाटतं. अख्खा सेट बदलायची सवय लागली की झाकण उघडून बघायची सवय जाते. आमच्या वर्गात मी मुलांना बिघडलेला पार्ट हातात देते आणि विचारते, "हा मेला कशाने?" उत्तर आल्याशिवाय नवा देत नाही. तो पोरगा कोण ते कळवा, त्याची पाठ थोपटायची आहे.

चिखलदऱ्याला एक लक्षात ठेवा. ते समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या वर आहे. हवा विरळ, त्यामुळे मिश्रण तिथे आपोआप थोडं गाढ (पेट्रोल जास्त) होतं आणि ताकद साधारण दहा-बारा टक्के कमी पडते. जनरेटर जरा दमल्यासारखा वाटला तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू नका. गीझर आणि किटली एकदम लावू नका, एवढंच.

फिरस्ता_आर्वी | 29 डिसेंबर

चिखलदऱ्याहून परतलो. तीन सकाळी, तिन्ही वेळा पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू. वर दम कमी पडतो हे ताईंनी सांगितलं नसतं तर मी घाबरून पुन्हा कार्बोरेटर खोलला असता. अलार्म बसवला, उशीच्या उंचीला. फळीत दोन भोकं सापडली, सील केली. नळीच्या तोंडाला बारीक तांब्याची जाळी बांधली आहे.

तुमसरचा_तांदूळ | 3 मे

धागा वर आणतो. माझ्याकडे साधा 2 केव्हीए पोर्टेबल आहे, हाताच्या चोकचा. आता उन्हाळ्यात एकदा बंद केला की लगेच परत सुरू होत नाही. अर्ध्या तासाने होतो. चोक ओढून ओढून दमलो. चोकच बदलावा लागेल का?

मुक्ता_वर्धा | 3 मे

गरम इंजिनाला चोक ओढूच नका! आधीच पेट्रोलची वाफ भरपूर, त्यात हवा अडवली की प्लग ओला होतो. चोक पूर्ण सोडा, थ्रॉटल असेल तर उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा. तरी नाही झालं तर प्लग काढून पुसा, दहा मिनिटं सावलीत ठेवा. जनरेटर भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर तोही बाजूला घ्या, 45 अंशांत त्याला थंड हवा मिळायला हवी.

पऱ्हाटी | 3 मे

अन् टाकीचं झाकन पाहा भाऊ.

तुमसरचा_तांदूळ | 4 मे

झाकणाला आवाज नाही, भोक मोकळं आहे. चोक सोडून ओढला, तिसऱ्या दोरीला चालू. भिंतीपासून दोन हात दूर सरकवलाय.

फिरस्ता_आर्वी | 18 मे

ताडोब्याच्या मोहर्लीहून लिहितोय. बाहेर 44, गाडीत 27. नातवंडं झोपली आहेत, सकाळच्या फेरीत वाघीण दिसली म्हणून दुपारी झोपायलाच तयार नव्हती. जनरेटर सावलीत, धूर वाऱ्याच्या दिशेने, एसीवर दीड तास झाला. सुरू करताना मुद्दाम चकती पाहिली, एवढ्या उन्हात ती सुरुवातीलाच जवळजवळ उघडी होती. मुक्ताताई, हे बरोबर ना?

मुक्ता_वर्धा | 18 मे

अगदी बरोबर. पट्टीला बाहेरचं ऊनच पुरतं. रेघ जुळवून लावलेली आहे, तिला हात लावू नका. पोरांना उठल्यावर भरपूर पाणी द्या.